पूर ओसरला, पण सासऱ्यांचा दिवस कुठे गेला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावं म्हणून थोडक्यात मांडते. तुमचे सासू-सासरे निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावातले. ऑगस्टअखेर पुराचं पाणी घरात छातीपर्यंत आलं, मागची भिंत बसली, दोन गायी आणि एक वासरू गेलं. तेव्हापासून अडीच महिने दोघं तुमच्याकडे, नाशिकला पाथर्डी फाट्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहेत. सासरे रात्री दोन-तीनदा उठून गॅलरीतून खाली बघतात. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस झाला त्या रात्री त्यांनी सगळ्यांना उठवलं आणि कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवायला लावली. दिवसा टीव्हीसमोर गप्प बसून असतात. वसुबारसेला आकाशकंदील लावू दिला नाही. सासूबाई मात्र ‘एकदम नॉर्मल’, दिवसभर कामात. तुम्ही विचारलंय, ‘आम्ही त्यांना काडी उचलू देत नाही, पूर्ण आराम देतो, तरी फरक का पडत नाही? नॉर्मल व्हायला किती दिवस लागतात?’

दिवसांचा आकडा मी देणार नाही, कारण तो बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतो. जमीन वाहून गेली की नुसती गाळाखाली आली, घर पुन्हा उभं राहणार आहे की नाही, डोक्यावर कर्ज किती, आधीपासून काही आजार किंवा दारू आहे का, घरातलं माणूस गेलं आहे का. हे माहीत नसताना महिना-दोन महिने असं सांगणं म्हणजे तुमची फसवणूक होईल. एक मात्र खात्रीने सांगते. मोठ्या आपत्तीतून गेलेली बहुसंख्य माणसं काही आठवड्यांत-महिन्यांत स्वतःच्या आणि आपल्या माणसांच्या बळावर सावरतात. पहिल्या महिन्यातली झोपमोड, दचकणं, सारखं तेच डोळ्यांसमोर येणं याला आम्ही आजार म्हणत नाही. तुमचे सासरे अडीच महिन्यांवर आहेत, त्यामुळे त्यांच्याबाबत आणखी काही करायला हवं. त्यावर पुढे येते.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, ते म्हणजे ‘काडी उचलू देत नाही’. माझ्या मते गाठ तिथेच आहे.

आपत्तीतून गेलेल्या माणसांना आधार देण्याच्या या कामात मी 1993 साली शिरले. समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, माणसं दमून माळवदाच्या घरांत झोपलेली होती, आणि दगडमातीच्या जाड भिंती तशाच्या तशा अंगावर आल्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं सपाट झाली. आमचा गट तिथे गेला तो हातात फॉर्म घेऊन. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये जायचो आणि विचारायचो, त्या रात्री काय झालं, सविस्तर सांगा, मन मोकळं करा. आमच्या मते तीच मदत होती. एका आजीने माझ्या समोरच सांगणं थांबवलं आणि म्हणाली, ‘कितींदा सांगू माय? त्यापरीस हे दगड उचलू लाग.’ ढिगाऱ्याखाली तिचं जातं होतं. दोन तास आम्ही दगड उपसले. जातं निघालं, एक पाळ फुटलेली. तिने ते शेडच्या दाराशी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाहिलं तर ती त्याच्याजवळ बसली होती. दळत नव्हती, दळायला काही नव्हतंच. पण ती दळायच्या वेळेला उठून दळायच्या जागी बसली होती. त्यानंतर हळूहळू ती आपणहून बोलायला लागली, आणि मी न विचारता.

ती गोष्ट मला नीट कळायला पुढची दहा-बारा वर्षं लागली. नंतरच्या अभ्यासांतूनही हेच पुढे आलं, की आपत्तीनंतर लगेच माणसाला बसवून एकदाच सगळं बोलायला लावणं उपयोगी पडत नाही, काहींना तर त्याचा त्रासच होतो. आता आपत्तीनंतरच्या पहिल्या मदतीत जगभर सांगतात ते असं: आधी बघा, मग ऐका, आणि माणसाला त्याच्या गरजेच्या गोष्टींशी आणि माणसांशी जोडून द्या. बोलायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या.

आता तुमच्या सासऱ्यांचा पुराआधीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण गोदाकाठच्या शेतकऱ्याचा दिवस मला साधारण माहीत आहे. पहाटे साडेचारला जाग. शेण काढणं, वैरण, धारा. सहाच्या आत दूध डेअरीवर. येताना पारावर चहा आणि चार माणसांशी बोलणं. मग लाईट असेल त्याप्रमाणे मोटार, पाणी भरणं, कांद्याच्या वाफ्यांवर एक चक्कर. दुपारी झाडाखाली अर्धा तास आडवं होणं. संध्याकाळी पुन्हा धारा. रात्री आठला जेवण, नवाला झोप. या माणसाला घड्याळाची गरज नव्हती. गायी हंबरल्या की पहाट आणि गायी परत बांधल्या की संध्याकाळ. तो दिवस वीस खुंट्यांवर टांगलेला होता, आणि एका रात्रीत वीसच्या वीस खुंट्या निघाल्या.

तुमच्याकडे आल्यावर जाग तर साडेचारलाच येत असणार, शरीराला सवय आहे. पण साडेचार ते साडेसात या तीन तासांत त्या फ्लॅटमध्ये त्यांना करण्यासारखं काहीच नाही. दिवा लावला तर नातीची झोप मोडेल, दार उघडलं तर तुम्ही जाग्या व्हाल. मग माणूस अंधारात पडून राहतो आणि त्या रिकाम्या तासांत पाणी पुन्हा चढायला लागतं. माझ्याकडे आलेल्या पूरग्रस्त शेतकऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मला पहाटेचीच वेळ सांगितली आहे. रात्रीपेक्षा पहाट वाईट, असं ते म्हणतात.

यामागे शरीराचं एक साधं कारण आहे. संकटाच्या वेळी मेंदूतली धोक्याची घंटा वाजते, ते आवश्यकच असतं. ती बंद व्हायला ‘आता धोका नाही’ असं कुणी तोंडाने सांगून पुरत नाही. रोज त्याच वेळी तेच घडतंय, काल घडलं तसंच आजही घडलं, हे शरीराने पुन्हा पुन्हा अनुभवावं लागतं. ठरलेल्या वेळेचा चहा, ठरलेल्या वेळेचं ऊन, ठरलेलं काम हे सगळे त्या घंटेला मिळणारे पुरावे आहेत. आणि जो दिवसभर सोफ्यावर बसून आहे त्याच्या शरीराला रात्री झोपेची भूकच लागत नाही. म्हणजे तुम्ही प्रेमाने दिलेला आराम त्यांची झोप खातोय. शिवाय ज्याने आयुष्यभर दहा माणसांना पोसलं त्याला ‘तुम्ही फक्त बसा’ म्हटलं, की त्याला त्यातून ऐकू येतं, ‘आता तुमचा उपयोग संपला’. तुम्ही तसं म्हटलेलं नाही, मला ठाऊक आहे.

म्हणून सुरुवात पहाटेपासून करा. त्यांना पाचच्या आधी घराबाहेर पडायचं एक खरं कारण द्या. तुमच्या भागात पहाटे दूध वाटणारे असतीलच. दूध त्यांनी आणायचं, आणि ते आल्याशिवाय घरात चहा होणार नाही, हे खरोखर पाळायचं. एखाद्या दिवशी तुम्ही दयेने आधीच पिशवी आणून ठेवलीत तर ते काम खोटं ठरेल. उजाडल्यावर अर्धा तास उन्हात चालणं, कारण सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो. झोपायची वेळ फार ताणू नका, उठायची वेळ मात्र एकच ठेवा, रात्री कितीही कमी झोप झाली असली तरी. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका.

काम मिळालं म्हणजे लगेच उत्साह येईल असं समजू नका. पहिला आठवडा ते यंत्रासारखे दूध आणतील. चालेल. उत्साह आधी आणि काम नंतर असा क्रम आपण धरून चालतो, पण उदासीत तो उलटा असतो. मानसोपचारात यावर एक पूर्ण पद्धतच आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. आधी छोटी कृती, मन मागून येतं.

दुसरी गोष्ट गावाची. आठवड्यात ठरलेले दोन दिवस ते गावी गेलेच पाहिजेत. तुमच्या मिस्टरांची अंबडला पहिली शिफ्ट असते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे दुपारनंतर एक दिवस आणि सुट्टीचा एक दिवस जमू शकतो. ‘तिथे गेले की त्रास होतो’ म्हणून तुम्ही त्यांना नेणं टाळताय. त्रास होईल, पहिल्या दोन खेपांना नक्की होईल. पण टाळल्याने भीती कमी होत नाही, जागा घट्ट धरून बसते. तिथे जाऊन नुसतं पडकं घर बघत उभं राहू नये, हातात काम असावं. गाळ काढणं, विटा रचणं, बांध घालणं. नोव्हेंबर चाललाय, उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकायची हीच वेळ आहे. पाच-सहा वाफे जरी टाकले तरी दर खेपेला बघायला काहीतरी उगवलेलं असेल. मुलगा बरोबर असावा, पण खोरं सासऱ्यांच्या हातात असावं.

पंचनामा, तलाठी, गावची कर्जाची सोसायटी या फेऱ्या मुलगा एकटा मारतोय का? तसं असेल तर थांबवा आणि त्यांना बरोबर न्या. रात्री जागा असलेला शेतकरी दर वेळी पाणीच बघत असतो असं नाही, तो आकडेही मोजत असतो. कर्जाची चिंता ही कर्जाची चिंता आहे. त्याला मानसिक त्रास म्हणून समुपदेशकाकडे पाठवणं माझ्या दृष्टीने अन्याय आहे. कागद पूर्ण करणं हाही उपचारच.

आता वसुबारस. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. गाय-वासराला पुजायचा तो खास दिवस, आणि त्यांच्या गोठ्यात पुजायला कुणी उरलं नव्हतं. तुम्हाला तो सणाबद्दलचा हट्ट वाटला. मला वाटतं ते सुतक होतं. पंचनाम्यात ‘दुधाळ जनावरे 2’ असं लिहिलं जातं, पण त्या दोघींना नावं असतील. पाणी वाढताना दावं सोडायला ते गेले होते की जाऊ शकले नाहीत, हे तुम्हाला कुणाला माहीत आहे का? पुरात जनावरं गमावलेल्या माणसांच्या मनात बहुतेक वेळा हीच एक गोष्ट रुतलेली असते: दावं सोडलं असतं तर पोहून निघाल्या असत्या. माणूस गेलं तर दहावं-तेरावं होतं, माणसं भेटायला येतात. गाय गेली तर ‘जनावरच होतं, जीव वाचला ना’ म्हणतात. तुम्ही कधी निवांत असताना त्यांना गायींची नावं विचारा, एवढंच. पुढचं ओढून काढू नका. बोलले तर ऐका. ‘तुमची काय चूक’ हे पटकन म्हणू नका, आधी पूर्ण ऐका. नाही बोलले तर विषय सोडा, नावं तुम्ही लक्षात ठेवलीत हे त्यांना कळेल.

गॅलरीतून खाली बघण्यावरून त्यांना टोकू नका. तिसऱ्या मजल्यावर पाणी कसं येईल, हे त्यांना तुमच्याइतकंच कळतं. भीतीला आकार आणि वेळ देता येते, ते करा. कागदांची पिशवी माळ्यावर कायमचीच ठेवा, संध्याकाळी सातला त्यांनी स्वतः एकदा बघायची. पावसाचं वातावरण असेल तर धरणाच्या विसर्गाचे आकडे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मोबाईलवर दिवसभर येणारे पुराचे व्हिडिओ बंद, तुमचेही. टीव्हीवर कुठल्यातरी शहरात पाणी शिरल्याचं तेच ते दृश्य दहा वेळा दाखवतात, ते तर आधी थांबवा.

नाशिककरांकडे याची एक जुनी युक्ती आहे. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी कुठपर्यंत आलं हे आपण त्याच्या अंगावर मोजतो, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजार आणि भांडी बाजाराच्या बाजूला मी काम केलं तेव्हा पाहिलं, की जुने दुकानदार घाबरले होते पण गोंधळले नव्हते. मारुतीच्या कुठे पाणी आलं की कुठला माल वर चढवायचा, हे त्यांच्या वडिलांपासून ठरलेलं होतं. भीती मोजता आली की माणसाला तिच्यासमोर काहीतरी करता येतं. तुमचे सासरे सदुसष्ट वर्षांचे म्हणजे 1969 चा महापूर त्यांनी लहानपणी पाहिलेला असणार. त्यांना विचारा, तेव्हा पाणी कुठवर होतं, यंदा कुठवर आलं. नव्या भिंतीवर ती खूण त्यांच्या हाताने करून घ्या आणि कुठल्या खुणेला घर सोडायचं, जनावरं कुठे न्यायची, कुणी न्यायची, हे नातीला त्यांनीच समजावून सांगू दे. ‘आपल्या घरात पाणी येईल का’ असं ती सारखं विचारते म्हणालात ना, तिलाही त्याचाच उपयोग होईल.

सासूबाईंबद्दल मला जरा काळजी वाटते. रडत नाहीत म्हणून नव्हे. न रडता सावरणारी पुष्कळ माणसं असतात आणि त्यांना रडवायला जाऊ नये. कामामुळे त्यांचा दिवस तरी शाबूत राहिला. पण ते स्वयंपाकघर तुमचं आहे, त्यांचं पाण्यात गेलं. आपल्याकडच्या बायकांचं दुःख अनेकदा अंगातून बोलतं: डोकं दुखतं, छातीत धडधडतं, पाय ओढतात. असं काही चालू असेल तर दवाखान्यात दाखवा आणि पुराचंही सांगा. एक फळी, चार डबे आणि रोजचा एक स्वयंपाक पूर्ण त्यांचा करा, मीठ-तिखटाबद्दल कुणी बोलायचं नाही. जवळच्या देवळात हरिपाठ असेल तर दोघांनाही सोडा. त्याहून चांगलं म्हणजे त्यांच्याच गावातून विस्थापित होऊन शहरात आलेली माणसं शोधा, एखाद-दुसरं घर असेलच.

यावर थोडं जास्त सांगते, कारण इथे मोठमोठ्या सरकारांच्याही चुका झाल्या आहेत. जपानमध्ये कोबेला 17 जानेवारी 1995 ला भूकंप झाला. तात्पुरती घरं वाटताना वृद्धांना आधी आणि सोडत काढून घरं दिली. हेतू चांगला होता. पण शेजारी शेजारी राहिला नाही, आणि त्या घरांत एकेकटी म्हातारी माणसं मरून पडली, कुणाला पत्ता नाही. 2004 मध्ये निगाता भागात भूकंप झाला तेव्हा त्यांनी शहाणपण दाखवून वाड्या-वस्त्या एकत्र हलवल्या. आपल्या किल्लारीतही नव्या वसाहतींत रस्ते रुंद आणि सरळ झाले, घरं पक्की झाली, आणि बायका म्हणायच्या, ‘बोळ नाही, ओटा नाही, कुणाचं तोंड दिसत नाही.’ तुमच्या सासऱ्यांना फ्लॅट कितीही चांगला असला तरी त्यात त्यांचा पार नाही. गावच्या मित्राशी रोज सकाळी ठरलेल्या वेळी फोन, एवढं तरी करा.

म्हणजे पहाटेचं काम, आठवड्यातून दोनदा गाव, कागदांत सहभाग, गायींची नावं, आणि आपली माणसं. हे सुरू करा, आणि त्याच्या बरोबरीने, नंतर नव्हे, सासऱ्यांना मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा. अडीच महिन्यांनंतरही रोज रात्री जाग, पाणी पुन्हा पुन्हा दिसणं, गावाचा विषय टाळणं, गप्प होणं हे टिकून असेल तर तो पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) किंवा नैराश्य असू शकतं. प्रत्यक्ष न बघता मी ते ठरवू शकत नाही. दोन्हींवर चांगले उपचार आहेत. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, खर्चाची चिंता असेल तर तिथे जा.

शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी अधूनमधून देता असं लिहिलंय. ती थांबवा. आघातानंतरच्या झोपमोडीवर अशा गोळ्या सुरुवातीला देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यांची सवय लागते आणि या वयात रात्री उठताना तोल जाऊन पडायची भीती असते. मात्र त्या रोज घेत असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

आणि एक प्रश्न तुम्ही किंवा तुमच्या मिस्टरांनी त्यांना स्पष्ट विचारायचा: ‘दादा, जगणं नको असं कधी मनात येतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर माणूस सुटल्यासारखा बोलतो. उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘माझं काय राहिलंय आता’ अशी भाषा असेल, तर त्यांना एकटं सोडू नका, घरात कीटकनाशक असेल तर हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे. अडीच महिने दोन माणसांचं दुःख सांभाळताय, नोकरी आणि घर सांभाळून, आणि तुमच्या प्रश्नात स्वतःबद्दल एक ओळही नाही.

दूध आणायचं उद्यापासून सुरू करा, गावाची पहिली खेप या रविवारी. तीन-चार आठवड्यांनी पहाट कशी जातेय ते इथेच लिहा. उळं उतरलं का, तेही सांगा.